फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप: अर्ज उघडण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

जाहिरात आली की बहुतेक जण लगेच ऑनलाइन अर्ज उघडतात. नाव, पत्ता, शिक्षण हे रकाने अर्ध्या तासात भरून होतात. मग यजमान संस्थेच्या, म्हणजे अमेरिकेत जिथे जाऊन संशोधन करायचं तिच्या, रकान्यापाशी गाडी अडते. तोवर जून उजाडलेला असतो. अमेरिकेतले प्राध्यापक उन्हाळी सुट्टीवर गेलेले असतात, इकडे गाईड पेपर तपासणीत अडकलेले असतात आणि नोकरी असेल तर संस्थेची सभा पुढच्या महिन्यात असते. शेवटी घाईघाईत दहा प्राध्यापकांना एकच मेल जातो. त्यातल्या एखाद्याच्या दोन ओळींच्या उत्तरावर अर्ज उभा राहतो आणि पहिल्याच चाळणीत गळतो.

अशा अर्जांमागचं संशोधन अनेकदा चांगलं असतं, चुकलेला असतो तो क्रम. या फेलोशिपमध्ये अर्ज भरणं हे जवळजवळ शेवटचं काम आहे. त्याआधी गाईड, मग विषयाची नेमकी गरज, मग यजमान मार्गदर्शक, मग संशोधन-विधान, या क्रमानं गेलात तर अर्ज दोन संध्याकाळींत भरून होतो.

भारतातल्या विद्यापीठात पीएचडीला नोंदणी असलेल्यांना ही फेलोशिप ६ ते ९ महिन्यांसाठी अमेरिकेतल्या संस्थेत, तिथल्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्यासाठी मिळते. ती यूएसआयईएफ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) ही संस्था चालवते आणि तिचं एक कार्यालय मुंबईत आहे. तिथली पदवी मिळत नाही. पदवी तुमच्या इथल्या विद्यापीठाचीच राहते. अटींतले तपशील वर्षागणिक बदलतात, म्हणून खालचं सगळं वाचताना त्या वर्षीची मूळ सूचना शेजारी उघडी ठेवा.

## टप्पा १: तुमची वेळ आली आहे का?

पात्रतेच्या मुख्य अटी मोजक्याच आहेत. भारताचं नागरिकत्व हवं आणि अर्ज करताना मुक्काम भारतात हवा. पीएचडीची नोंदणी होऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. प्रबंध सादर करण्याची अपेक्षित तारीख फेलोशिप संपल्यानंतर किमान तीन महिन्यांनी असावी. एका वर्षी फुलब्राइट-नेहरूच्या एकाच प्रकारात अर्ज करता येतो.

लोक चुकतात ते या तारखांच्या गणितात. अलीकडच्या वर्षांत अर्जाची मुदत साधारण जुलैच्या मध्याला संपते आणि प्रत्यक्ष जाणं होतं ते पुढच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून. म्हणजे २०२६ च्या जुलैत अर्ज केला तर जाणं २०२७ च्या शरदात, नऊ महिने धरले तर परत येणं २०२८ च्या मे-जूनमध्ये आणि प्रबंध त्यापुढे तीन महिन्यांनी, लवकरात लवकर. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात, पुनर्नोंदणीनं आणखी २. हे सगळं एका कागदावर मांडलं की अर्ज करण्याचा योग्य काळ कळतो: कोर्सवर्क झालेलं, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर, थोडं काम हाताशी, पण लेखन संपत आलेलं नाही. सहसा दुसरं वर्ष सरताना किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीला. चौथ्या वर्षाच्या शेवटी केलेल्या अर्जात परीक्षकाला सरळ दिसतं की काम इथेच संपत आलंय, मग हा जातोय कशाला?

नोंदणीची तारीख हा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचा खास गुंता. पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) उत्तीर्ण झाल्याची तारीख वेगळी, तात्पुरत्या प्रवेशाची वेगळी, आरआरसीत (संशोधन व मान्यता समितीत) विषय मंजूर झाल्याची आणखी वेगळी आणि कन्फर्मेशनचं पत्र हातात येतं त्यानंतर कधीतरी, मागील तारखेपासून लागू होऊन. अर्जात अंदाजानं तारीख टाकू नका. विद्यापीठाच्या पत्रावर ‘नोंदणी दिनांक’ म्हणून जी छापली आहे तीच टाका. पत्रावर दोन तारखा असतील तर पीएचडी विभागातून एका ओळीचं स्पष्टीकरण लेखी घ्या.

तपासा: नोंदणीपत्र, अर्जाची मुदत, जाण्याचा महिना, परतीचा महिना, प्रबंधाचा महिना. पाचही तारखा एका ओळीत लिहून पाहा. कुठे ओढाताण दिसली तर सहा महिन्यांचा कालावधी मागा. नऊच मागायला हवेत असं नाही.

## टप्पा २: आधी गाईड, मग बाकी सगळे

गाईडना सगळं ठरल्यावर सांगायचं, ही सवय महागात पडते. एक तर त्यांचं शिफारसपत्र लागतं. दुसरं म्हणजे तुम्ही सहा-नऊ महिने नसताना दर सत्राला होणारी संशोधन सल्लागार समितीची बैठक, प्रोग्रेस रिपोर्ट आणि हजेरी त्यांनाच सांभाळायची असते. समितीपुढे ऑनलाइन सादरीकरण चालेल का, हे आत्ताच विचारून ठेवा. काही विद्यापीठं सहज परवानगी देतात, काही ठिकाणी विभागप्रमुखांचं पत्र लागतं.

गाईडकडे जाताना ‘सर, मला अमेरिकेला जायचंय’ असं सांगत जाऊ नका. प्रबंधाची प्रकरणं मांडलेला एक कागद न्या. कोणतं प्रकरण इथे होतंय, कोणतं अडलंय आणि का अडलंय, हे त्यावर असू द्या. ही चर्चा प्रामाणिकपणे झाली तर संशोधन-विधानाचा निम्मा मजकूर तिथेच मिळतो.

नोकरी करत पीएचडी करणाऱ्यांनी हा टप्पा सगळ्यात लवकर सुरू करावा. अर्जासोबत मालकाची संमती लागते आणि तीत फेलोशिपच्या काळासाठी रजा मंजूर होईल असं स्पष्ट म्हटलेलं असावं लागतं. अनुदानित महाविद्यालयात हा कागद प्राचार्य, संस्थाचालक आणि बऱ्याचदा उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयापर्यंत फिरतो. प्राचार्यांनी तोंडी ‘जा की, अडचण काय’ म्हणणं आणि सही-शिक्क्याचा कागद मिळणं यांत कित्येक आठवड्यांचं अंतर असतं.

जेआरएफ किंवा एसआरएफ (कनिष्ठ किंवा वरिष्ठ संशोधन फेलोशिप) चालू असेल, अथवा सारथी, बार्टी, महाज्योती, टीआरटीआय या राज्याच्या संस्थांपैकी कुणाची फेलोशिप असेल, तर दोन ठिकाणचा पैसा एकाच वेळी घेता येईल असं गृहीत धरू नका. जाण्याच्या काळात ती थांबवावी लागते का, परतल्यावर कशी सुरू होते आणि थांबलेले महिने मूळ कालावधीत धरतात का, हे तीन प्रश्न आत्ताच लेखी विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर वर्षभरानं कुणालाही आठवत नाही.

## टप्पा ३: ‘अमेरिकाच का?’ याचं उत्तर

अख्खा अर्ज या एका प्रश्नावर तोललेला असतो आणि सगळ्यात पोकळ उत्तरं इथेच येतात. ‘जागतिक दर्जाच्या सुविधा’, ‘आंतरराष्ट्रीय अनुभव’, ‘नामवंत विद्यापीठ’ असली उत्तरं कुठल्याही विषयाला लागू पडतात, म्हणून कुठल्याच विषयाला लागू पडत नाहीत.

उत्तर असं हवं की ते फक्त तुमच्याच विषयाचं असेल. दोन उदाहरणं घेऊ.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात पीएचडी करणारी विद्यार्थिनी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर काम करते. विदर्भात २०१७ च्या हंगामात या अळीनं कपाशीचं किती नुकसान केलं ते वेगळं सांगायला नको. दोन विषप्रथिनांच्या बीटी कपाशीलाही ती आपल्याकडे दाद देईनाशी झाली. त्याच किडीचं कपाशीतून उच्चाटन झाल्याचं अमेरिकेनं २०१८ मध्ये जाहीर केलं. तिथे बीटी कपाशीच्या जोडीला वंध्य पतंग सोडणं, कामगंधानं मीलन रोखणं आणि पऱ्हाट्या वेळेवर नांगरून टाकणं असं सगळं एकत्र राबवलं गेलं. या लढ्यातला मोठा भाग ॲरिझोनात झाला आणि त्यावर काम केलेले संशोधक तिथल्या विद्यापीठात आहेत. आता ‘अमेरिकाच का’ या प्रश्नाला उत्तर आपोआप मिळतं: कीड एक, दोन देशांतले निकाल उलटे, तिथल्या प्रतिकारशक्तीच्या चाचण्यांची पद्धत शिकायची आणि आपल्या नोंदींशी तुलना करायची. इथे ‘लहान शेतकऱ्यांच्या विखुरलेल्या शेतांत हे जमेल का’ हा प्रश्नही तिनं स्वतःच उपस्थित करावा. परीक्षक तो विचारणारच आहेत.

दुसरं उदाहरण इतिहासाचं. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या संस्थेचं काम मुंबईत १८१३ ला आणि अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झालं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासून त्याच मिशनचं. या मिशनच्या मूळ संस्थेची, म्हणजे ‘अमेरिकन बोर्ड’ची, कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. नगर भागातल्या मिशन शाळांवर प्रबंध लिहिणाऱ्याला तिथे जाण्याचं कारण उघड आहे. तरीही एक पेच राहतो. या संग्रहाचा मोठा भाग मायक्रोफिल्मवर आहे. ‘फिल्म मागवून काम का होत नाही?’ या प्रश्नाला तयार उत्तर हवं: कोणती पत्रं, कोणत्या वर्षांची, फिल्मवर नसलेली किंवा न वाचता येणारी, आणि त्यासोबत कोणत्या प्राध्यापकाकडून काय शिकायचं आहे. संग्रहाची सूची ऑनलाइन चाळून खंड आणि पेट्यांचे क्रमांक टिपून ठेवलेला अर्जदार आणि ‘हार्वर्डमध्ये मोठा संग्रह आहे’ असं लिहिणारा अर्जदार यांतला फरक पहिल्या परिच्छेदातच कळतो.

तपासा: तुमच्या उत्तरातला ‘अमेरिका’ हा शब्द खोडून ‘जर्मनी’ लिहा. वाक्य तरीही खरं राहत असेल तर उत्तर अजून सापडलेलं नाही.

इशारा: नमुने नेण्याचा विचार असेल तर आत्ताच थांबून परवानग्या पाहा. जिवंत कीड, रोगजंतू, माती किंवा रोप अमेरिकेत न्यायला तिथल्या कृषी खात्याची परवानगी लागते. भारतातून जैविक नमुने बाहेर नेताना जैवविविधता कायदा २००२ आड येतो आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. माणसांचे नमुने असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा वेगळा मार्ग आहे. शक्य असेल तिथे नमुने न नेता, नोंदी आणि पद्धत यांवर भागेल अशी योजना करा. नऊ महिन्यांतले चार परवानगीची वाट पाहण्यात गेले, तर सांगणार कुणाला?

## टप्पा ४: यजमान मार्गदर्शक शोधणं

विद्यापीठाचं नाव पाहून प्राध्यापक शोधू नका, प्राध्यापक पाहून विद्यापीठ ठरवा. तुमच्या संदर्भसूचीत जी नावं तीन-चार वेळा येतात तिथून सुरुवात करा. त्यांचे गेल्या चार-पाच वर्षांतले लेख वाचा. एकेकाळी तुमच्या विषयावर लिहिलेला, पण आता पार दुसरीकडे वळलेला माणूस उपयोगाचा नाही.

मग त्यांच्या विभागाच्या पानावर पुढच्या गोष्टी पाहा:

- तुम्ही जाल त्या वर्षी ते सबॅटिकलवर (संशोधनासाठीच्या दीर्घ रजेवर) तर नाहीत ना? पानावर नसेल तर पहिल्या उत्तरानंतर विचारा. हे न विचारल्यामुळे रिकाम्या खोलीसमोर महिने काढलेले लोक आहेत.
- ते निवृत्तीला आलेत का? ‘एमेरिटस’ (निवृत्तीनंतरचे मानद प्राध्यापक) असतील तर पाहुणा संशोधक घेण्याचा अधिकार त्यांना असेलच असं नाही.
- त्यांच्याकडे याआधी बाहेरचे पीएचडी विद्यार्थी येऊन गेलेत का? गेले असतील तर काम सोपं.

फार मोठं नाव म्हणजे फार चांगला मार्गदर्शक, असं नसतं. आठवड्याला अर्धा तास देणारे मधल्या फळीतले सहयोगी प्राध्यापक हे सत्रातून एकदा हस्तांदोलन करणाऱ्या मोठ्या नावापेक्षा कितीतरी बरे. तरुण प्राध्यापक उत्तरही लवकर देतात.

### पहिला मेल

फेब्रुवारी ते एप्रिल हा मेल पाठवायला सर्वांत चांगला काळ. मेच्या मध्यानंतर तिथली सत्रं संपतात आणि बऱ्याच प्राध्यापकांचा करार नऊ महिन्यांचा असल्यानं ते उन्हाळ्यात मेलकडे फिरकत नाहीत.

मेल दीडशे-दोनशे शब्दांचा ठेवा. आपण कोण आणि कुठे पीएचडी करतो, हे एका वाक्यात. प्रबंधाचा प्रश्न काय, हे दोन वाक्यांत. त्यांच्या कोणत्या लेखातल्या कोणत्या मुद्द्याशी तुमचं काम भिडतं, हे दोन वाक्यांत, आणि हा लेख खरोखर वाचलेला असावा. शेवटी मागणी स्पष्ट: या फेलोशिपसाठी अर्ज करतो आहे, निवड झाल्यास अमुक महिन्यांत तुमच्याकडे काम करता येईल का, खर्च फेलोशिपकडून होतो. सोबत एक पानाचा आराखडा आणि दोन पानांचा बायोडेटा. बस.

‘रिस्पेक्टेड सर’नं सुरुवात नको, ‘प्रोफेसर’ आणि आडनाव पुरे. आपली परिस्थिती, गावाची हलाखी, लहानपणापासूनचं स्वप्न यातलं काहीही नको. एकाच विभागातल्या दोघांना एकाच वेळी लिहू नका. ते शेजारशेजारच्या खोल्यांत बसतात, गप्पांत कळतं. दोन आठवडे वाट पाहून एकदाच आठवण करा. तरीही उत्तर नसेल तर पुढचं नाव घ्या आणि मनाला लावून घेऊ नका.

## टप्पा ५: निमंत्रणपत्र नीट मिळवणं

होकार आला की लोक इतके हरखतात की ‘थँक यू’ म्हणून थांबतात. खरं काम इथून पुढे. निमंत्रणपत्र अर्जाला बळ देतं, पण ते नेमकं असेल तरच. त्यात पुढच्या गोष्टी असाव्यात: तुमचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, संशोधनाचा विषय, कालावधी आणि शक्यतो तारखा, मार्गदर्शन कोण करणार, कोणती प्रयोगशाळा, ग्रंथालय किंवा संग्रह वापरता येईल, आणि लेटरहेडवर सही.

हे सगळं तुम्हीच विनयानं सुचवायचं. ‘पत्रात या बाबी असाव्यात असं फेलोशिपच्या सूचनांत अपेक्षित आहे’ असं म्हणून यादी पाठवली तर कुणी रागावत नाही, उलट त्यांचं काम हलकं होतं.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: पाहुण्या संशोधकांकडून विभाग किंवा विद्यापीठ काही फी घेतं का? काही मोठी विद्यापीठं दर सत्राला बरीच मोठी रक्कम घेतात. ती फेलोशिपमध्ये कितपत बसते हे यूएसआयईएफला अर्जाआधी विचारा. प्राध्यापकांना स्वतःला ही फी माहीत नसते, म्हणून विभागाच्या प्रशासकाचा मेल मागून घ्या. पुढे कामाला येणारा माणूस तोच.

तपासा: पत्रातल्या तारखा, अर्जातल्या तारखा आणि नोकरीच्या रजेच्या तारखा तंतोतंत एक आहेत का?

## टप्पा ६: संशोधन-विधान

विधानाची शब्दमर्यादा अर्जात दिलेली असते, ती पाळा. आपल्याकडे सिनॉप्सिस लिहायची जी सवय लागते ती इथे आड येते. सिनॉप्सिसमध्ये प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टं, गृहीतकं अशी उतरंड असते. इथे वाचणाऱ्यांत तुमच्या विषयाचा तज्ज्ञ एखादाच असतो. त्याला पहिल्या परिच्छेदात प्रश्न कळला पाहिजे.

मजकुराचा क्रम मी असा सुचवेन. प्रश्न काय आणि तो का महत्त्वाचा, थोडक्यात. मग आतापर्यंत भारतात काय केलं: किती गावं पाहिली, कोणते संग्रह चाळले, कोणत्या चाचण्या झाल्या, काय हाती आलं. हा भाग लोक लाजून लहान ठेवतात. तो मोठा हवा, कारण इथलं काम झालंय हे दिसलं तरच तिथलं काम पटतं. त्यानंतर काय अडलंय आणि ते तिथेच का सुटेल. मग महिनावार योजना. शेवटी परतल्यावर काय: कोणतं प्रकरण पूर्ण होईल आणि हे काम इथे कुणाच्या उपयोगी पडेल.

महिनावार योजनेत पहिला महिना संशोधनाला देऊ नका. घर, बँक, ओळखपत्र, प्रयोगशाळेचं सुरक्षा प्रशिक्षण यांत तो जातोच. डिसेंबरअखेर विद्यापीठं बंद असतात. दुर्मीळ कागदपत्रांच्या दालनात नोंदणी करून साहित्य आधी मागवावं लागतं, गेलं आणि बसलं असं होत नाही. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर यजमान विद्यापीठाच्या नैतिकता मंडळाची मंजुरी लागू शकते आणि तिला वेळ लागतो, म्हणून प्रश्नावली इथेच तयार करून न्या. हे बारकावे योजनेत दिसले की परीक्षकाला कळतं, या माणसानं नऊ महिने खरोखर मोजलेत.

एखाद्या पदव्युत्तर वर्गात विनाश्रेय बसण्याची किंवा मार्गदर्शकाच्या सेमिनारमध्ये सादरीकरण करण्याची योजना असेल तर एक-दोन ओळी जरूर लिहा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडी करणाऱ्यांना आपल्या विषयाच्या अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलंय आणि आठवड्याला ४ ते ६ तास शिकवणी वा प्रयोगशाळेचं काम देता येईल असंही म्हटलंय. तिथल्या वर्गातून काय शिकून इथल्या शिकवण्यात आणणार हे नेमकं सांगता आलं तर लिहा. नेमकं नसेल तर सोडून द्या, भरीची वाक्यं ओळखू येतात.

इशारा: दुसऱ्याच्या यशस्वी अर्जातला एकही परिच्छेद उचलू नका. वाङ्मयचौर्य सापडलं तर अर्ज बाद होतो. स्वतःच्या छापील लेखातला मजकूरही जसाच्या तसा टाकण्यापेक्षा नव्यानं लिहा.

विधान झालं की दोघांना वाचायला द्या. एक तुमच्या विषयातला, दुसरा पूर्ण वेगळ्या विषयातला. दुसऱ्याला दोन मिनिटांत ‘हा काय करतोय’ हे सांगता आलं नाही तर पहिला परिच्छेद परत लिहा.

## टप्पा ७: शिफारसपत्रं, लेखननमुना, कागदपत्रं

‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे पीएचडी होत नाही. इथे त्याला नम्रपणे नकार द्या. तुम्ही लिहिलेली सगळी पत्रं एकाच आवाजात बोलतात आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्याऐवजी गाईडना एक पानाची टिपणं द्या: कोणत्या वर्षी त्यांच्यासोबत काय केलं, कोणती अडचण कशी सोडवली, अर्जातला मुख्य मुद्दा काय. त्यावरून ते लिहितील.

पत्राची लिंक शिफारस करणाऱ्याच्या मेलवर जाते. कॉलेजचा मेल कधी न उघडणारे सर भरपूर आहेत. त्यांनी रोज पाहिला जाणारा मेल कोणता ते विचारा, लिंक पाठवल्यावर फोन करा आणि स्पॅममध्ये पाहायला सांगा. एक पत्र तरी गाईडचं हवंच, बाकीची तुमचं काम जवळून पाहिलेल्यांची. कुलगुरूंच्या सहीचं पण काम न पाहिलेलं पत्र वाया जातं.

लेखननमुना इंग्रजीत लागतो. एमए किंवा एमफिलचा प्रबंध मराठीत असेल तर त्यातला सर्वांत भक्कम भाग निवडून तो इंग्रजीत नीट मांडा. हे काम महिन्याभराचं समजा. छापून आलेला लेख असेल तर तोच द्या, पण फी भरली की आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकातला नको.

नावाचा घोळ आत्ताच सोडवा. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी खाली आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्यांचे तर तीन-तीन अवतार. सर्वत्र पासपोर्टचं नाव वापरा आणि फरक असलेल्या कागदांसाठी राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जवळ ठेवा. पासपोर्टच नसेल तर आजच अर्ज करा.

## टप्पा ८: ऑनलाइन अर्ज

हा टप्पा लहान आहे. विधान वगैरे आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून मग चिकटवा. फाइलींना नाव-विषय अशी सुटसुटीत नावं द्या, स्कॅन सरळ आणि वाचता येईल असं करा. सबमिट करण्याआधी पूर्ण अर्जाची पीडीएफ छापून कागदावर वाचा, पडद्यावर न दिसणाऱ्या चुका तिथे दिसतात. शेवटच्या दिवशी पोर्टल हळू चालतं, म्हणून निदान चार दिवस आधी पाठवा. शिफारसपत्रं आली का, हे पाठवल्यानंतरही पाहत राहा.

## टप्पा ९: मुलाखत

निवडक अर्जदारांना मुलाखतीला बोलावतात. समितीत एखादा तुमच्या विषयाच्या जवळचा असतो, बाकीचे आसपासच्या विषयांतले. प्रश्न साधेच असतात: काय करताय, तिथेच का, ठरलेला संग्रह किंवा उपकरण मिळालं नाही तर काय, परत येऊन काय, प्रबंध कधी देणार. पाठ केलेलं भाषण दुसऱ्या मिनिटाला तुटतं. आपल्या कामाबद्दल दुसऱ्या विषयाच्या मित्राला चहावर समजावता येतं तसं बोला, फक्त इंग्रजीत. उच्चार कसे आहेत यावर कुणी गुण कापत नाही. उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांगा आणि ते कसं शोधाल ते सांगा.

तपासा: अर्जाला काही महिने उलटलेत. मधल्या काळात काम पुढे गेलं असेल तर ‘अर्जानंतर काय केलं’ याचं दोन वाक्यांचं उत्तर तयार ठेवा. काहीच केलं नसेल तर मुलाखतीआधी करा.

## टप्पा १०: निवड झाल्यावर

निवडीची अंतिम मंजुरी अमेरिकेतल्या फुलब्राइट मंडळाकडून येते. तोवर नोकरीचा राजीनामा, घर सोडणं, तिकीट असलं काही करू नका.

व्हिसा जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा) प्रकारचा असतो आणि त्याचा आधार डीएस-२०१९ हा पात्रतेचा कागद. त्यासोबत एक अट येते जी लोक सहीनंतर वाचतात: फेलोशिप संपल्यावर एकूण दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच किंवा एल प्रकारचा (मुख्यतः नोकरीसाठीचा) व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. जोडीदार तिकडे नोकरीत असेल किंवा लगेच पोस्टडॉकचा विचार असेल, तर ही अट अर्जाच्या आधीच घरात बसून बोलून घ्या.

जाण्यापूर्वी विद्यापीठाची परवानगी, रजेचा आदेश, चालू फेलोशिप थांबवल्याची नोंद आणि सल्लागार समितीच्या पुढच्या दोन बैठकांच्या तारखा, सगळं लेखी घ्या. मूळ कागद घरी, स्कॅन स्वतःकडे.

तिथे पोहोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात मार्गदर्शकाशी तीन गोष्टी ठरवून टाका: भेट किती दिवसांनी, मसुदा वाचायला त्यांना किती वेळ लागतो आणि संयुक्त लेख झाला तर नावांचा क्रम काय. शेवटचा प्रश्न विचारायला आपण कचरतो, पण तिथे तो आधी विचारणं रीतीचं मानतात. इथल्या गाईडना महिन्यातून एकदा अर्ध्या पानाचा अहवाल मेल करा आणि दोन मार्गदर्शकांची मतं टोकाला गेली तर दोघांना एकाच मेलमध्ये घ्या, निरोप्या बनू नका.

परतीच्या आधीच्या महिन्यात ग्रंथालयातून लेख, संग्रहातली छायाचित्रं आणि प्रयोगशाळेतल्या स्वतःच्या नोंदी उतरवून घ्या, कारण विद्यापीठाचं लॉगिन बंद झालं की ते सगळं तिथेच राहतं. प्रयोगशाळेचा डेटा नेण्याआधी मार्गदर्शकाची लेखी संमती लागते. संग्रहातलं छायाचित्र प्रबंधात छापायचं असेल तर त्याची परवानगीही तिथे असतानाच मागा. दालनातल्या ग्रंथपालांशी समोरासमोर बोलून जे एका दिवसात होतं, त्याला इथून मेलवर महिने लागतात.